किपलिंगला गाडी बदलताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

टोरंटोच्या सबवेची लाइन २ पश्चिमेला जिथे संपते, ते इटोबिकोमधले किपलिंग स्थानक टोरंटोशेजारच्या मिसिसॉगा शहरात राहणाऱ्या आणि पिअर्सन विमानतळावर नुकत्याच उतरलेल्या अनेक मराठी कुटुंबांचा शहरात शिरण्याचा नेहमीचा रस्ता आहे. तरीही तिथे दुहेरी भाडे कापले जाते, चुकीच्या फलाटावर वीस-वीस मिनिटे उभे राहणे होते आणि रविवारी सकाळी बंद गेटपाशी पोहोचणेही होते. यातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. किपलिंग या एका नावाखाली तीन वेगळ्या सेवा चालतात: टीटीसीची (म्हणजे टोरंटोच्या शहरी वाहतूक संस्थेची) सबवे आणि तिच्या शहरी बस, मिसिसॉगाच्या मायवे बसचे टर्मिनल, आणि गो या उपनगरी रेल्वेचा फलाट. तिघींची चढण्याची जागा, भाडे घेण्याची रीत आणि चालण्याच्या वेळा निरनिराळ्या आहेत. म्हणून आपल्याला यांपैकी नेमके काय हवे आहे हे घरीच ठरवून पुढच्या क्रमाने गेलात, तर बदल सोपा होतो.

१. निघण्यापूर्वी: किपलिंगलाच जायचे आहे का?

हा प्रश्न आधी विचारण्याचे कारण असे की, ओळखीच्यांकडून मिळणारा सल्ला बऱ्याचदा जुना असतो. मायवेच्या बस पूर्वी किपलिंगच्या अलीकडच्या इस्लिंग्टन स्थानकावर येत असत. जानेवारी २०२१ मध्ये किपलिंगचे नवे बस टर्मिनल सुरू झाले आणि त्या बस तिकडे गेल्या. त्याआधी इथे राहिलेली मंडळी आजही मनापासून सांगतात, ‘इस्लिंग्टनला उतर, तिथे मिसिसॉगाची बस मिळेल.’ तो सल्ला आता उपयोगाचा नाही.

ब्रॅम्प्टनला राहणाऱ्यांनी किपलिंगचा आग्रह धरू नये. ब्रॅम्प्टनची ५०१ क्रमांकाची झूम बस व्हॉन मेट्रोपॉलिटन सेंटर या लाइन १ च्या टोकाच्या स्थानकाला जोडलेली आहे आणि शहरात शिरायला तोच रस्ता सरळ पडतो. तसेच विमानतळावरून थेट मिसिसॉगाला जायचे असेल, तर आधी किपलिंगला येऊन मग उलट पश्चिमेला जाण्यात काही अर्थ नाही. विमानतळावर मायवेच्या बस येतात, त्या पाहाव्यात.

तिसरी गोष्ट गो रेल्वेची. किपलिंग हे गोच्या मिल्टन मार्गावरचे स्थानक आहे, आणि नकाशावर ते पाहून ‘इथून पंधरा-वीस मिनिटांत युनियन स्टेशन’ असा हिशोब लोक मांडतात. पण मिल्टन मार्गावरच्या गाड्या फक्त कामाच्या दिवशी धावतात. सकाळी युनियनच्या दिशेने आणि दुपारनंतर उलट दिशेने. दुपारी बारा वाजता किंवा शनिवारी त्या फलाटावर वाट पाहणाऱ्याला गाडी मिळणार नाही.

*तपासा:* ज्या दिवशी जायचे त्या दिवशी लाइन २ पूर्ण सुरू आहे ना, हे टीटीसीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. देखभालीच्या कामासाठी शनिवार-रविवारी किंवा रात्री लवकर काही स्थानकांमधली सेवा बंद ठेवून बदली बस सोडल्या जातात, आणि तसे असेल तर वेळेचा सगळा हिशोब बदलतो.

२. भाड्याची तयारी: माणसागणिक एक कार्ड, आणि शेवटपर्यंत तेच

या टप्प्यावर घाई करू नका, कारण पैसे इथेच वाया जातात.

२६ फेब्रुवारी २०२४ पासून टीटीसी आणि मायवे, ब्रॅम्प्टन, यॉर्क व डरहम या शेजारच्या सेवा यांच्यात एकच भाडे लागू झाले. म्हणजे मायवेच्या बसमध्ये टॅप करून त्याचे भाडे भरले आणि पहिल्या टॅपपासून दोन तासांच्या आत किपलिंगला सबवेचे गेट ओलांडले, तर सबवेचे वेगळे पैसे पडत नाहीत. उलट दिशेनेही तसेच. गो गाडी प्रवासात असेल तर स्थानिक बसचे किंवा सबवेचे भाडे गोच्या भाड्यातून वळते होते आणि गोच्या बाबतीत मुदतही तीन तासांची असते. ही सवलत मागावी लागत नाही. यंत्र आपोआप देते. मात्र दोन्ही ठिकाणी टॅप केलेले साधन एकच असले पाहिजे.

‘एकच’ याचा अर्थ नीट समजून घ्या. समजा, तुम्ही मायवेच्या बसमध्ये चढताना क्रेडिट कार्ड फोनमधल्या वॉलेटमधून टॅप केले, आणि किपलिंगच्या गेटवर फोन खिशात असल्यामुळे तेच क्रेडिट कार्ड पाकिटातून काढून यंत्राला लावले. खाते तेच, बँक तीच, महिन्याचे बिलही एकच येणार. पण फोनमधल्या कार्डाला यंत्र वेगळ्या क्रमांकाने ओळखते आणि प्लास्टिकच्या कार्डाला वेगळ्या. त्याच्या लेखी हे दोन निरनिराळे प्रवासी आहेत आणि दुसरे भाडे पूर्ण कापले जाते. फोन आणि घड्याळ यांची अदलाबदल केली तरी हेच होते. म्हणून पहिल्या टॅपच्या वेळी जे साधन हातात असेल, ते घरी पोहोचेपर्यंत बदलू नका.

पैसे भरण्याचे मार्ग चार आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे.

प्रेस्टो कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासाचे कार्ड, हा सर्वांत निर्धोक मार्ग. कोरे कार्ड ४ डॉलरला मिळते. सबवे स्थानकांवरच्या यंत्रांत आणि शॉपर्स ड्रग मार्टच्या दुकानांत ते विकत घेता येते आणि त्यात पैसेही भरता येतात. ज्यांना वयामुळे सवलत आहे त्यांनी प्रेस्टोच घ्यावे, कारण बँकेच्या कार्डावर नेहमी प्रौढांचेच भाडे कापले जाते. टीटीसीवर प्रौढांना प्रेस्टो किंवा बँक कार्डाने ३.३० डॉलर पडतात, १३ ते १९ वयाच्या मुलांना २.३५ आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना २.२५. पण कोरे कार्ड प्रौढांचे असते. त्यावर ज्येष्ठांची किंवा मुलांची नोंद ओळखपत्र दाखवून करून घ्यावी लागते. भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी कार्ड घेऊन दिले आणि ही नोंद राहून गेली, असे फार घरांत घडते.

बँकेचे क्रेडिट किंवा डेबिट कार्ड थेट टॅप केलेले चालते; टीटीसीने ही सोय ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केली. भारतातले व्हिसा किंवा मास्टरकार्ड वापरणार असाल, तर ते निघण्यापूर्वीच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि संपर्करहित व्यवहार हे दोन्ही सुरू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नव्या कार्डांवर हे पर्याय बंद असतात, आणि बसच्या दारात उभे राहून ते सुरू करणे जमत नाही. परकीय चलनाचे शुल्कही बँक आकारते, त्यामुळे जास्त दिवस राहणार असाल तर प्रेस्टोच परवडते. रुपे कार्डाच्या भरवशावर येऊ नका.

कागदी प्रेस्टो तिकीट आणि रोख रक्कम हे उरलेले दोन मार्ग. कागदी तिकीट फक्त टीटीसीवर चालते, आणि मायवे आणि टीटीसी यांच्यातली मोफत बदली या दोन्हींना लागू नाही. बसमध्ये रोख भरल्यास सुटे परत मिळत नाहीत. टीटीसीच्या ड्रायव्हरकडून मिळणारा कागदी ट्रान्सफर फक्त टीटीसीवर चालतो. तो मायवेच्या ड्रायव्हरला दाखवून उपयोग नाही.

*सावधान:* एका कार्डावर दोन माणसे नेता येत नाहीत. नवरा-बायको एकत्र असले तरी दोघांची कार्डे वेगळी हवीत. टीटीसीवर १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना भाडे नाही, पण मुलांबाबतचे नियम प्रत्येक सेवेचे निराळे असल्याने मायवेचा नियम आधी वाचून घ्या.

३. मिसिसॉगाकडून येताना

किपलिंगला जाणाऱ्या मायवेच्या मार्गांपैकी मराठी वस्तीला सर्वाधिक उपयोगी पडतात ते असे: स्क्वेअर वन परिसरातून २६ बर्नहॅमथॉर्प आणि जलद धावणारी १०९, डंडास रस्त्यावरून १ आणि जलद १०१, तर ब्लूअर रस्त्याच्या बाजूने ३. जलद बस मोजक्याच थांब्यांवर थांबते. त्यामुळे ती घराजवळून गेली तरी आपल्या थांब्यावर थांबेलच असे नाही. थांब्याच्या फलकावर तिचा क्रमांक लिहिलेला आहे का, ते पाहावे.

बसच्या कपाळावरची पाटी पूर्ण वाचा. क्रमांक बरोबर आणि दिशा उलटी, ही सर्वांत सामान्य चूक आहे. क्रमांकापुढे अक्षर असेल तर ती त्या मार्गाची शाखा असते आणि तिचे शेवटचे ठिकाण वेगळे असू शकते.

चढताना एकदाच टॅप करा. हिरवा दिवा आणि बरोबरची खूण दिसेपर्यंत कार्ड यंत्रावर स्थिर धरा. घासून पुढे नेल्यास नोंद अर्धवट राहते. उतरताना मायवेवर टॅप करायचे नाही, आणि टीटीसीवरही नाही. उतरताना टॅप फक्त गो सेवेत लागतो. तिथे तो विसरल्यास यंत्र तुम्ही मार्गाच्या टोकापर्यंत गेलात असे धरून भाडे कापते.

मायवेची बस किपलिंगच्या नव्या टर्मिनलमध्ये सोडते. ही जागा सबवेच्या भाडे भरलेल्या क्षेत्राच्या बाहेर आहे. म्हणून बंदिस्त जोडमार्गाने सबवेच्या खुणेमागे चालत जा आणि गेटवर तेच कार्ड पुन्हा टॅप करा. ‘मी तर आधीच पैसे भरले आहेत’ असे म्हणून काही जण इथे थबकतात. टॅप केल्याशिवाय गेट उघडत नाही आणि टॅप केल्याने दुसरे भाडे पडत नाही. गो फलाटाची खूणही याच वाटेवर दिसते, तिकडे वळू नका.

*तपासा:* घरी पोहोचल्यावर प्रेस्टोच्या खात्यात दिवसाचे व्यवहार पाहा. दुसऱ्या टॅपसमोर शून्य असेल तर सगळे बरोबर झाले. पहिल्याच आठवड्यात हे एकदा पाहिले की चुकीची सवय महिनाभर चालू राहत नाही.

४. विमानतळावरून येताना

टीटीसीची ९०० क्रमांकाची एअरपोर्ट एक्सप्रेस पिअर्सनच्या टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ वरून थेट किपलिंगला आणते. ‘एक्सप्रेस’ आणि ‘एअरपोर्ट’ हे दोन शब्द पाहून लोक जास्त भाड्याच्या भीतीने ती टाळतात. तिला टीटीसीचे नेहमीचेच भाडे आहे. रस्ता मोकळा असेल तर प्रवास साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा होतो.

प्रेस्टो कार्ड सोबत नसेल तर बँक कार्ड टॅप करा. बाहेर येऊन थांबा शोधण्यापूर्वीच कार्ड वेगळ्या खिशात काढून ठेवा. दोन मोठ्या बॅगा सांभाळत पासपोर्टच्या पाकिटात हात घालणे धोक्याचे असते.

ही बस मायवेच्या टर्मिनलमध्ये न जाता टीटीसीच्या स्वतःच्या बस फलाटावर येते, आणि तो फलाट भाडे भरलेल्या क्षेत्राच्या आत आहे. त्यामुळे उतरून थेट खाली सबवेकडे जायचे, पुन्हा कुठे टॅप करायचे नाही. ४४, ४५ किंवा ४६ यांसारख्या टीटीसीच्या शहरी बसने येणाऱ्यांनाही हेच लागू आहे. सामान असेल तर जिना किंवा सरकता जिना यांच्या भानगडीत न पडता लिफ्टच्या खुणेमागे जा.

*सावधान:* अशा वेळी चुकून गेटबाहेर पडलात, तर घाबरू नका. कार्डाने प्रवास केला असेल आणि दोन तास उलटले नसतील तर पुन्हा त्याच कार्डाने आत येता येते.

स्थानकात स्वच्छतागृह आहे. टोरंटोच्या सबवेत ती मोजक्याच स्थानकांवर आहेत, म्हणून लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर पुढे निघण्यापूर्वी इथेच जाऊन यावे.

५. सबवेत बसल्यावर: कुठे बदलायचे ते आधी ठरवा

किपलिंग टोकाचे स्थानक असल्याने इथून सुटणारी प्रत्येक गाडी पूर्वेलाच जाते. मधल्या फलाटाच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात. पुढे कोणती सुटणार ते फलकावर पाहून त्याच गाडीत बसा, रिकामी दिसते म्हणून दुसरीत नको.

डाउनटाउनकडे, म्हणजे युनियन, सेंट पॅट्रिक किंवा क्वीन्स पार्ककडे जायचे असल्यास लाइन १ ला तीन ठिकाणी बदलता येते: स्पडायना, सेंट जॉर्ज आणि ब्लूअर-यंग. माझा स्पष्ट सल्ला सेंट जॉर्जचा आहे. तिथे दोन्ही मार्गांचे फलाट एकावर एक आहेत, त्यामुळे एक मजला चढला की लाइन १ मिळते आणि दक्षिणेकडची गाडी युनियनला जाते. स्पडायना त्याच्या एक स्थानक आधी येते म्हणून अनेक जण तिथेच उतरतात आणि मग बोगद्यातली लांबलचक वाट तुडवतात. सामान असेल तर तो पर्याय घेऊच नये. ब्लूअर-यंग हे जाळ्यातले सर्वांत गजबजलेले बदलाचे ठिकाण आहे. सांकोफा चौक (पूर्वीचा डंडास चौक), क्वीन किंवा किंग या बाजूला जायचे असेल तरच तिथपर्यंत जा, आणि सकाळच्या गर्दीत हाताशी दहा मिनिटे जास्त ठेवा.

किपलिंग ते सेंट जॉर्ज साधारण पंचवीस मिनिटे धरून चाला. मायवेने दूरच्या मेडोवेलकडून येणाऱ्यांनी दोन तासांची मुदत इथे मनात ठेवावी: मुदत प्रवास संपण्याची नसून पुढच्या टॅपची आहे. गेट वेळेत ओलांडले की त्यानंतर गाडी कितीही रखडली तरी जादा पैसे पडत नाहीत.

६. परतताना

लाइन २ च्या दोन्ही टोकांची नावे इंग्रजी ‘के’ने सुरू होतात: पश्चिमेला किपलिंग, पूर्वेला केनेडी. दमलेल्या माणसाची नजर पहिल्या अक्षरावरच थांबते आणि मग इटोबिकोऐवजी स्कारबरोच्या दिशेने प्रवास सुरू होतो. म्हणून फलाटावर ‘पश्चिमेकडे’ हा शब्द शोधा आणि गाडीवरचे नाव शेवटपर्यंत वाचा. चुकलाच तर पुढच्या स्थानकावर उतरून समोरची गाडी पकडा. गेटबाहेर जाऊ नका.

किपलिंगला उतरल्यावर दोन वाटा फुटतात. टीटीसीच्या बससाठी गेटच्या आतच राहून वरच्या बस फलाटावर जायचे. ९०० क्रमांकाची विमानतळाची बसही तिथेच मिळते. मायवेसाठी मात्र गेटबाहेर पडून जोडमार्गाने पलीकडच्या टर्मिनलमध्ये जायचे आणि बसमध्ये चढताना टॅप करायचे. टीटीसीच्या फलाटावर उभे राहून मायवेची वाट पाहत बसणे, ही नव्या माणसाची ठरलेली चूक आहे. मायवे टर्मिनलमध्ये प्रत्येक मार्गाला ठरावीक फलाट दिलेला असतो. आत शिरताच फलकावर आपला क्रमांक शोधा.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. हम्बर पॉलिटेक्निकचा लेकशोर परिसर किपलिंग रस्त्याच्या दक्षिण टोकाला आहे, त्यासाठी ४४ किपलिंग साऊथ घ्यावी. ४५ त्याच रस्त्यावरून उत्तरेला जाते. दोन्ही बस एकाच फलाट परिसरातून सुटतात आणि दोन्हींच्या पाटीवर ‘किपलिंग’ असते, त्यामुळे फक्त नाव वाचून चढू नका.

*सावधान:* कोणाला ‘किपलिंगला भेट’ म्हणताना ‘किपलिंग स्थानक’ असे पूर्ण सांगा. किपलिंग हा कित्येक किलोमीटर लांबीचा रस्ता आहे आणि त्यावर बसचे असंख्य थांबे आहेत. गाडी घेऊन न्यायला येणाऱ्याने स्थानकाच्या प्रवासी चढ-उतार भागात थांबावे. मायवे टर्मिनलचा रस्ता बससाठी आहे.

७. रात्र आणि रविवार

सोमवार ते शनिवार सबवे सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री दीडच्या आसपास बंद होते. रविवारी मात्र ती सकाळी आठच्या सुमारास सुरू होते. रविवारी सकाळच्या विमानासाठी सबवेने किपलिंगला येऊन ९०० घ्यायची, असे ठरवलेल्यांची गाडी इथेच अडते. रविवारी सकाळचे आंतरराष्ट्रीय उड्डाण असेल तर ही वाट धरू नका.

सबवे बंद असताना ब्लूअर रस्त्यावरून ३०० क्रमांकाची रात्रबस धावते आणि तिची ३००ए ही शाखा विमानतळापर्यंत जाते. ती सबवे स्थानकाच्या आत येत नाही, रस्त्यावरच्या थांब्यावर मिळते. इथे अक्षर पाहणे फार महत्त्वाचे आहे, कारण ३०० ची प्रत्येक बस विमानतळाला जात नाही.

मिसिसॉगाला परतणाऱ्यांनी शेवटच्या सबवेची वेळ पाहून निर्धास्त होऊ नये. अडचण पलीकडच्या टर्मिनलमध्ये येते: आपल्या मार्गाची शेवटची मायवे बस त्याआधीच सुटून गेलेली असू शकते, आणि रविवारच्या व सुट्टीच्या वेळापत्रकात तर ती आणखी लवकर असते. म्हणून हिशोब उलटा मांडा. आधी आपल्या मायवे मार्गाची त्या वाराची शेवटची बस किती वाजता किपलिंगहून सुटते ते पाहा, त्यातून जोडमार्गाने चालण्याची दहा मिनिटे वजा करा, मग सेंट जॉर्जपासूनची पंचवीस मिनिटे, आणि वाटेतल्या बदलासाठी आणखी पंधरा मिनिटे. उरलेली वेळ ही डाउनटाउनमधून निघण्याची तुमची शेवटची वेळ. ती फोनमध्ये गजर लावून ठेवा.